हरवलेल्या मेंढराचा दाखला

आमच्या घरात कुणाच्या लग्नाकार्याला चार माणसं जमली आणि जेवून सतरंजीवर आडवी झाली, की कुणीतरी हळूच म्हणतं, "नाना, तुम्ही मिशनवाल्यांकडे हेडमास्तरकी शिकायला गेला होतात, ते सांगा ना." म्हणणाऱ्याला गोष्ट पाठ असते. ऐकणाऱ्यांनाही पाठ असते. माझी फजिती माझ्याच तोंडून पुन्हा ऐकायची, एवढाच त्यांचा हेतू. बायको आतून ओरडते, "या खेपेला तरी मीठ कमी घाला." तेव्हा इथे बेतानं घालतो.

ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल. धुळ्याहून जळगावला जाताना लागणाऱ्या एका गावात मी हायस्कुलात गणित शिकवत होतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथले लोक अजून माझ्याशी बोलतात. शाळा ख्रिस्ती मंडळींची. मी कापूसवाल्या शेतकऱ्याच्या घरातला, बी.एस्सी., बी.एड. नोकरी लागली तेव्हा आमच्या थोरल्या आबांनी ओट्यावर बसवून चौकशी केली होती.

"तठे जाईसन तू काय व्हशी?"

"मास्तर."

"ते ठीक शे. दुसरं काही नही ना?"

दुसरं काही झालो नाही. पण रोज सकाळच्या प्रार्थनेला डोळे मिटायची इतकी सवय लागली, की घरी सत्यनारायणाच्या आरतीतही ते आपोआप मिटायचे. मावशा एकमेकींना कोपरानं ढोसून म्हणायच्या, बघ, केवढा भाविक निघाला.

आमचे हेडमास्तर निवृत्त व्हायला आले. त्यांच्या जागी बसायला लायक असे ख्रिस्ती शिक्षक संस्थेला लगेच मिळेनात. तोवर गाडी चालावी म्हणून प्रभारी कुणाला करायचं, यावर बरीच प्रार्थना आणि त्याहून बरीच चर्चा होऊन नाव माझं निघालं. अट एकच. शाळा चालवणं म्हणजे ख्रिस्ती दृष्टीनं काय, याचं पदवीधर शिक्षकांसाठी धुळ्याला एक प्रशिक्षण असे, ते करून यायचं. वार्षिक परीक्षा संपल्याबरोबर निघायचं आणि एक मेच्या निकालाला परतायचं.

तर निकाल. आमच्या शाळेचा दहावीचा निकाल म्हणजे शंभर टक्के, दर वर्षी, फाटकाजवळच्या फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलेला. याची युक्ती तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होती. नववीला चाळणी लावायची. जो दहावीत पडेलसं वाटतं, त्याला आधीच नववीत पाडायचं. पडायचंच तर घरातल्या घरात पड बाबा, चारचौघांत नको. बहुतेक पोरं गणितात अडकायची, त्यामुळे चाळणी माझ्या हातात असे आणि मी ती मन लावून हलवत असे. त्यात काही वावगं आहे असं आईबापांनाही वाटत नव्हतं.

त्या वर्षी चाळणीवर जी काही पोरं उरली, त्यांत धरणगावकडच्या एका खेड्यातली मुलगी होती. गावात मावशीकडे राहून शिकायची. मराठी उत्तम, अक्षर छापल्यासारखं. गणितात मात्र फळ्यावर समीकरण दिलं की ती ते अतिशय सुंदर उतरवून घ्यायची आणि तिथेच थांबायची. जणू तेवढंच करायचं असतं.

शेवटच्या पेपरच्या दिवशी तिचे वडील आले. चपला शिक्षकखोलीच्या बाहेर काढून दारातच उभे राहिले.

"गुरजी, मनी आंडेर पास व्हई का?"

"निकाल लागू द्या, भाऊ. आंडेर हुशार आहे तुमची. गणिताचं बघावं लागेल."

"देखा, पास व्हयनी ते शाया. नापास व्हयनी ते दाखला लिसन घर लई जासू. पाव्हणा देखी ठेयेल शे."

म्हणजे पास झाली तर शाळा, नापास झाली तर शाळा सोडल्याचा दाखला, आणि पाठोपाठ लग्न. मुलगा पाहून ठेवलेला. माणूस तापट नव्हता, कडकही नव्हता. बैल विकायचा की ठेवायचा हे जसं एकदा ठरवून मोकळं व्हावं, तसं त्यानं ठरवलं होतं. मी हे हेडमास्तरांच्या कानावर घातलं. ते कपाटातली स्वतःची पुस्तकं बांधत होते.

"निकालावर सही तुमची आहे," ते म्हणाले. "मी जाता जाता कुणाच्या लग्नात आडवा येत नाही आणि करवला म्हणूनही उभा राहत नाही. धुळ्याला जाऊन या. काही शिकलात तर तेच वापरा."

धुळ्याला मिशनच्या जुन्या आवारात मोठाल्या कडुनिंबांखाली आमची सोय होती. एप्रिलचं ऊन. दुपारी पत्र्याखाली बसलं की माणसाला पापाची आणि नरकाची कल्पना वेगळी समजावून द्यावी लागत नसे. माझ्या खोलीत भुसावळचे एक सर होते. रेल्वे कॉलनीत वाढलेले, उंचेपुरे, पिढीजात ख्रिस्ती. त्यांची भाषा त्यांच्या जंक्शनसारखी. वाक्य कुठून सुटलं आणि कुठल्या रुळावर गेलं कळायचं नाही, पण पोचायचं. शिकवायला नगरकडच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. पांढरं पातळ, जाड चष्मा, आवाज इतका हळू की त्यांच्या वर्गात कुणी खोकतही नसे. सगळे त्यांना बाई म्हणत.

सकाळी उपासना, मग तास. बाई सांगायच्या, वेळापत्रक लावायला बसण्याआधी प्रार्थना करा. हे मला ताबडतोब पटलं. शेवटचा तास कुणाला द्यायचा हा प्रश्न माणसाच्या हातात ठेवण्यासारखा नाहीच. हेडमास्तरनं आधी शाळेची सेवा करायची, मग सत्ता वापरायची, असंही त्या म्हणाल्या. तेही मी लिहून घेतलं. सुंदर अक्षरात.

दुसऱ्या दिवशी तास संपवताना बाई म्हणाल्या, "उद्या सकाळी मननाच्या वेळी प्रत्येकानं आपल्याला जवळचा वाटणारा एक दाखला घेऊन यायचा. त्यावर दोन शब्द बोलायचे."

आता हे लक्षात घ्या, की मी मिशनच्या शाळेत होतो खरा, पण शास्त्राच्या म्हणजे बायबलच्या तासाला मी शिक्षकखोलीत वह्या तपासत बसायचो. दाखला म्हणजे माझ्या लेखी एकच वस्तू. निळ्या शाईची, गोल शिक्क्याची. नावनोंदणीसाठी मी सगळे कागद पिशवीतून आणले होते. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला. आता त्यातला जवळचा कोणता? म्हणून भुसावळच्या सरांना विचारलं.

"सर, दाखला कोणता नेऊ?"

"कोई भी चलेगा. मी उधळ्या पुत्राचा नेतोय."

मला वाईट वाटलं. एवढा भला माणूस, आणि पोरगा असा निघाला. त्याचा दाखला बिचारे बरोबर घेऊन हिंडतात.

"थोरला का?" मी जपून विचारलं.

"नाही, धाकटा."

"कुठं असतो?"

"निघून गेला होता ना घरातून. सगळा पैसा उडवला. डुकरं राखायची पाळी आली."

"अरेरे. मग?"

"मग काय, आला परत. बापानं मिठी मारली, मेजवानी दिली."

मी त्यांचा हात हातात घेतला. "फार मोठं मन आहे तुमचं, सर."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "माझं कशाला? देवाचं म्हणा," म्हणाले आणि कुशीवर वळले. मला त्यांच्याबद्दल आदर वाटला, तो अजून आहे.

सकाळी नंदुरबारकडचे एक जण पहिल्यांदा उठले आणि म्हणाले, "मी पेरणाऱ्याचा दाखला घेतला आहे." शेतकऱ्याचा पोर मी. मला वाटलं, हा तलाठ्याकडचा पीकपेऱ्याचा दाखला. यांनी तो इथं का आणला असेल? सोसायटीचं काही काम असेल. ते मात्र हातात कागद नसतानाच बी कुठं कुठं पडलं ते सांगू लागले. वाटेवर, खडकावर, काट्यांत. असला बेशिस्त पेरा तलाठी कसा मंजूर करील, या विचारात मी होतो तोच माझी पाळी आली.

मी उठलो. कागद पुढे केला. "माझ्याकडे शाळा सोडल्याचा आहे. मूळ प्रत घरी आहे. ही साक्षांकित."

मग भुसावळचे सर एकदम उभे राहिले, माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "म्हणून रात्री माझा हात धरला यानं!" आणि खाली बसून डोळे पुसायला लागले. त्यानंतर उपासनेची शिस्त राहिली नाही. ख्रिस्ती लोक येशूनं सांगितलेल्या गोष्टींना दाखले म्हणतात, हे मला त्या गदारोळात तिघांनी तीन बाजूंनी समजावून सांगितलं.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझा कागद मागून घेतला, चष्मा वर करून वाचला.

"वर्तणूक चांगली, असं लिहिलंय."

"हो, बाई. तेव्हाची."

"असे दाखले तुमच्या शाळेतून नववीनंतर बरेच जात असतील?"

"जातात." मी जरा सावरलो होतो आणि विषय माझ्या ओळखीचा निघाला होता. म्हणून मी चाळणीची पद्धत, शंभर टक्के निकाल, फाटकाजवळचा फळा, सगळं सांगितलं. काही जण माना डोलावत होते. त्यांच्याकडेही हेच चालायचं.

"आणि 'शाळा सोडण्याचं कारण' या रकान्यात काय लिहिता?"

"पालकांच्या विनंतीवरून."

"बरं," बाई म्हणाल्या. कागद घडी करून टेबलावर ठेवला आणि मला एक दाखला सांगितला, त्यांच्या अर्थाचा. शंभर मेंढरं असलेल्या माणसाचा. एक हरवतं आणि तो नव्व्याण्णव रानात सोडून त्याच्या मागं जातो.

मी गणिताचा माणूस. म्हटलं, "बाई, नव्व्याण्णव टक्के म्हणजे निकाल चांगलाच लागला की."

साक्रीकडचे एक शिक्षक मागून म्हणाले, "आमच्याकडचा ठेलारी मेंढपाळ असं करायचा नाही. तो परत येईतो लांडग्यांची पंगत उठलेली असेल."

"मग काय करेल तो?" बाईंनी विचारलं.

"कुत्रं सोडेल मागं."

"शाळेत कुत्र्याचं काम कोण करतं?"

"पर्यवेक्षक," भुसावळचे सर म्हणाले. वर्गातले दोन पर्यवेक्षक सोडून सगळे हसले.

दुपारच्या तासाला प्रत्येकानं शाळेतला एक खराखुरा पेच मांडायचा आणि इतरांनी तो माणसं होऊन करून दाखवायचा, असं होतं. मी त्या मुलीचा मांडला. मला वाटलं होतं, मी हेडमास्तर होईन. बाई म्हणाल्या, "तुम्ही मुलीचे वडील व्हा. हेडमास्तर भुसावळचे सर."

मी पंचा डोक्याला गुंडाळला, चपला दाराबाहेर काढल्या. घरची बोली, त्यामुळे पहिल्या वाक्यालाच हशा मिळाला. मला चेव आला. भुसावळच्या सरांनी सकाळी माझं भाषण लक्ष देऊन ऐकलं होतं. माझीच वाक्यं त्यांनी एकेक करून माझ्याकडे फेकली.

"बघा भाऊ, तुमच्या मुलीचा पाया कच्चा आहे."

"पाया कच्चा शे ते पक्का कोन करी? तुमनं काम का मनं काम?"

हशा.

"घरी लक्ष द्यायला पाहिजे तुम्ही."

"माले गणित येस का, सायेब? मना ते अंगठा शे."

हशा.

"हे तिच्याच भल्यासाठी आहे. एक वर्ष पुन्हा बसू द्या नववीत."

"आखो एक साल ल्हान्या पोरीसमा बसी, वय वाढी. मावशी काय म्हनी? पाव्हणा काय म्हनी?"

"शाळेचा निकालही पाहावा लागतो ना."

यावर मी गंमत सोडून त्या माणसानं म्हटलं असतं तेच म्हटलं.

"बरं, सायेब. द्या मंग दाखला."

आणि हात पुढे केला. भुसावळच्या सरांनी बाईंकडे पाहिलं, खिसे चाचपले. मग टेबलावर पडलेला कागद उचलून माझ्या हातात दिला. तो माझाच दाखला होता. कुणी हसलं नाही. मी पंचा बांधून, हातात स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला धरून उभा राहिलो, आणि आता पुढं काय करायचं हे मला किंवा हेडमास्तरांना कळेना.

"चहा झाला असेल," बाई म्हणाल्या.

चहा झाला होता. पुढल्या तासाला आम्ही रजेचे नियम शिकलो.

परत आल्यावर मी चाळणीवरची सगळीच पोरं वरच्या वर्गात घातली. एकीला घालून बाकीच्यांना ठेवलं असतं, तर बाकीच्यांना काय सांगायचं ते मला सुचत नव्हतं. जुन्या हेडमास्तरांनी निकालपत्रक पाहिलं. "चाळणीला भोक पडलं वाटतं," म्हणाले. पुस्तकांचा शेवटचा गठ्ठा सायकलला बांधला आणि निघाले.

एक मेला झेंडावंदनानंतर मुलीचे वडील आले.

"पास का नापास?"

"वरच्या वर्गात घातली आहे."

"म्हंजे पास."

"पास नाही, भाऊ."

"मंग नापास."

"नापासही नाही."

ते व्हरांड्याच्या पायरीवर बसले. "ढोर बजारमा लई गया ते एक तर इकाई जास, नही ते घर येस. हाई मधलं काय शे? पाव्हणासले मी काय सांगू?"

"ढकलपास म्हणतात याला."

"ढकलं कोन?"

"मी."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. ढकलायला लागणारं बळ माझ्यात आहे की नाही, हे बघत असावेत. "ठीक शे. पाव्हणासले एक साल थांबाले सांगस. तुमीन ढकलं, आते तुमीनच सांभाया. पन दहावीले पडनी ते मंग मनं ऐकनं पडी."

मी शब्द दिला. तेव्हापासून शाळेआधी माझ्या घरी तिची शिकवणी सुरू झाली. बाकीची ढकललेली पोरंही येत. ती भराभर सुधारली. त्यांना नुसतं कुणीतरी मानगुटीवर बसायला हवं होतं. हिचं तसं नव्हतं.

"सर, क्ष म्हणजे कोण?"

"कुणीही असू शकतो. तोच शोधायचा."

"कुणीही असला तर शोधायचा कशाला?"

बायको चहा देता देता म्हणायची, "तिला येत नाही का तुम्हाला सांगता येत नाही?" मी म्हणायचो, दोन्ही. मग बायकोनं एकदा क्ष म्हणजे किती भाकरी आणि य म्हणजे किती माणसं असं काहीतरी सांगितलं. ते मुलीला समजलं. मला नाही समजलं. सहामाहीला ती काठावर पास झाली. मला वाटलं, जमलं.

पुढल्या वर्षी जूनमध्ये दहावीचा निकाल आला. चाळणीवरची बाकीची पोरं पास. ती गणितात गेली. बाकी सगळ्या विषयांत बरी होती, मराठीत तर शाळेत पहिली, पण गणितात थोडक्यात गेली. शंभर टक्के मोडले. संस्थेचे वडीलधारे अध्यक्ष आले आणि त्यांनी निकाल पाहिला. "या वर्षी फळ्यावर नका लिहू," म्हणाले. मी लिहिला. जरा लहान अक्षरात.

मुलगी आली नाही. मावशीकडून कळलं, की ती गावी गेली आहे आणि जेवत नाही. दोन दिवसांनी वडील आले. मी लेखनिकाला आधीच सांगून ठेवलं होतं, दाखल्यांचं पुस्तक काढून ठेव. शब्द दिला होता; आता ऐकायची पाळी माझी होती.

त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या. या खेपेला मी खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

"गणितमाच गयी?"

"गणितातच. थोडक्यात."

"आनि मराठीमा पहिली शे म्हंतस."

"शाळेत पहिली."

"गावमा चावडीवर गुणपत्रिका वाचाले लाई. बठ्ठासनी देखी. पाटील म्हने, इतला मार्क मना पोऱ्याले बी नही पडनात."

"आणि पाहुणे?"

"त्यासनी दुसरी पोर देखी. एक साल कोन थांबस?" हे त्यांनी शेजाऱ्याच्या विहिरीबद्दल बोलावं तसं सांगितलं. मग टेबलावरच्या दाखल्यांच्या पुस्तकाकडे पाहिलं, ते हातानं बाजूला सारलं आणि तिथे हात टेकून विचारलं, "ऑक्टोबरनी परीक्षाना फारम कव्हय भरनं शे?"

तारीख मला ठाऊक नव्हती. आमच्या शाळेतून आजवर कुणी ऑक्टोबरला बसलंच नव्हतं. मी त्यांना थांबायला सांगितलं आणि लेखनिकाकडे विचारायला गेलो. त्यालाही माहीत नव्हती.